जिथे ईसीजी आणि इकोचं जुळत नाही

प्रिय डॉक्टर,

अनेक आशीर्वाद.

तुझं पत्र दोनदा वाचलं. हृदयाच्या दुर्मिळ आजारांची यादी पाठ करायला घेतली आहेस, पण ओपीडीत रुग्ण समोर बसला की त्यातलं काही आठवत नाही, असं लिहिलंस. ते आठवणारही नाही, कारण रुग्ण यादीतलं नाव घेऊन येत नाही. तो धाप, सूज, चक्कर घेऊन येतो, आणि त्याच्या फाइलवर आधीच एखादं नेहमीचं निदान चिकटलेलं असतं.

पत्राच्या शेवटी जाता जाता तू एका 72 वर्षांच्या गृहस्थांचा उल्लेख केलास. चालताना धाप, पायांवर सूज, इकोवर डाव्या खालच्या कप्प्याची भिंत 16 मिलिमीटर, आणि ईसीजीवर क्यूआरएस, म्हणजे ठोक्याच्या विजेच्या मुख्य लाटा, बुटके. पुढे लिहिलंस, ‘बहुधा लीड नीट लागल्या नसाव्यात.’ मला तुझ्याशी बोलायचंय ते या ‘बहुधा’बद्दल.

हृदयाचा स्नायू वाढून भिंत जाड झाली असती, तर ईसीजीवर उंच क्यूआरएस दिसण्याची अपेक्षा असते. इथे भिंत जाड आहे आणि वीज क्षीण आहे. म्हणजे ती जाडी स्नायूची नसावी, पेशींच्या मधे काहीतरी साठत असावं. अमायलॉइडची, म्हणजे बिघडलेल्या घडीची प्रथिनं अवयवांत साठण्याच्या आजाराची, शंका इथे यायलाच हवी. दोन तपासण्या एकमेकींशी भांडतात तेव्हा आपण घाईघाईने मध्यस्थी करतो, एकीला खोटं ठरवून मोकळे होतो. तसं करू नकोस. लीड पुन्हा लाव, ईसीजी पुन्हा काढ, आणि क्यूआरएस तसेच बुटके आले तर त्यांच्यावर विश्वास ठेव. उलट बाजूही लक्षात असू दे: ट्रान्सथायरेटिन प्रकारच्या (यकृतात बनणारं त्या नावाचं प्रथिन साठतं त्या) बऱ्याच रुग्णांत क्यूआरएस लहान नसतातच. ते चांगले उंच दिसले म्हणून अमायलॉइड नाही, असं म्हणता येत नाही.

मग त्यांच्या हातांकडे बघ. मनगटावर कार्पल टनेलच्या, म्हणजे तिथे दबलेली नस मोकळी करण्याच्या, ऑपरेशनचा व्रण आहे का, दोन्ही हातांना आहे का, किती वर्षांपूर्वीचा? धाप लागण्याच्या कितीतरी वर्षं आधी हा आजार मनगटात बोलून गेलेला असतो. दंडाचा स्नायुबंध अचानक तुटून तिथे गोळा आलाय का, तेही बघ. आणि बीपीच्या गोळ्यांचं विचार. ‘पूर्वी बीपी होतं, आता आपोआप बरं झालं’ हे रुग्ण फार आनंदाने सांगतो. जाड भिंतीच्या हृदयात ही आनंदाची बातमी नसते.

हे मी ज्या चुकीतून शिकलो, तीही सांगतो. चौदा वर्षांची मुलगी होती, फिट येतात म्हणून दोन वर्षं औषधं चालू. हृदय एकदा बघून घ्या म्हणून माझ्याकडे पाठवली होती. ईसीजीच्या कागदावर मशीनने ‘नॉर्मल’ छापलं होतं. मी त्याखाली सही केली. आठ महिन्यांनी ती धावण्याच्या शर्यतीत कोसळली. वाचली. तिची फाइल पुन्हा उघडली तेव्हा आईने सांगितलेलं सगळं माझ्याच अक्षरात तिथे होतं: ‘पहिल्यांदा पोहताना. एकदम पांढरी पडली. मिनिटभरात शुद्धीवर, लगेच नीट बोलू लागली.’ मेंदूच्या फिटनंतर मूल सहसा गोंधळलेलं असतं, झोपाळतं. ही लगेच बोलू लागली होती. मी ऐकलं होतं, लिहूनही घेतलं होतं, पण निदानाला ते विसंगत आहे हे थांबून पाहिलं नव्हतं. त्या जुन्याच कागदावर पट्टी घेऊन क्यूटी, म्हणजे प्रत्येक ठोक्यात खालचे कप्पे विजेने उत्तेजित होऊन पूर्ववत व्हायला लागणारा वेळ, मोजला. नाडीच्या वेगानुसार दुरुस्त केल्यावर 500 मिलिसेकंदांच्या वर गेला, म्हणजे धोकादायक इतका लांब. नंतर आईचाही ईसीजी काढला. तिचाही क्यूटी लांब होता, आणि तिला आयुष्यात कधी चक्करसुद्धा आली नव्हती.

त्या दिवसापासून मी प्रत्येक ईसीजीवर क्यूटी हाताने मोजतो. तूही मोज. आणि श्रमात किंवा घाबरल्यावर बेशुद्ध पडणाऱ्या मुलाचा क्यूटी बरोबर आला तरी त्याला सोडू नकोस. कॅटेकोलामिनर्जिक प्रकारात, म्हणजे ॲड्रिनलिनसारख्या संप्रेरकांनी चिघळणाऱ्या आजारात, झोपलेल्या रुग्णाचा ईसीजी निर्दोष असतो. ट्रेडमिलवर धावायला लावलं की ठोके बिघडू लागतात.

आणखी एक सवय लावून घे. शक्यतांचा क्रम लावताना ‘किती दुर्मिळ’ हे बघच, पण ‘चुकलं तर काय हातचं जाईल’ हेही बघ. तान्ह्या बाळाचं हृदय फुगलेलं, दूध पिताना ते घामाघूम होतं, कळवळून रडतं. ‘स्नायूचा आजार’ असं लिहून औषधं सुरू करण्याआधी डावी कोरोनरी, म्हणजे हृदयालाच रक्त पुरवणारी धमनी, कुठून निघते ते इकोवर डोळ्यांनी बघ. ती फुप्फुसाच्या धमनीतून निघत असेल, तर जन्मानंतर तिथला दाब उतरत जातो तसा हृदयाचा रक्तपुरवठा तुटत जातो. ब्लँड, व्हाइट आणि गारलंड यांनी 1933 मध्ये असं बाळ वर्णन केलं, तेव्हा त्यावर इलाज नव्हता. आज ती धमनी महाधमनीला जोडता येते आणि थकलेलं हृदय बहुतेकदा पुन्हा उभं राहतं. पाच मिनिटं जास्त लागतील इकोला. लागू देत.

जनुकीय तपासणीबद्दल तू विचारलंस. अहवालात ‘अर्थ अनिश्चित’ असा बदल आला, तर त्यावर कुणाला आजारी ठरवू नकोस आणि कुणाला निर्धोकही ठरवू नकोस. तपासणी पाठवण्याआधी घरच्यांशी बोल, कारण उत्तर एकट्या रुग्णाचं नसतं.

आता तुझ्या त्या गृहस्थांचं. टेक्निशियमचा स्कॅन (हृदयात साठलेलं ट्रान्सथायरेटिन दाखवणारा) सांगशीलच, पण त्याबरोबर रक्तातल्या फ्री लाइट चेन (प्रतिपिंडांचे सुटे तुकडे) आणि रक्त-लघवीचं इम्युनोफिक्सेशन (असामान्य प्रतिपिंडं शोधणारी तपासणी) पाठव. नुसत्या स्कॅनवर विसंबू नकोस. लाइट चेनचा प्रकार निघाला तर तो रक्तविकारतज्ज्ञांचा रुग्ण आहे आणि त्यात आठवडेसुद्धा मोलाचे असतात. ट्रान्सथायरेटिन निघाला तर टाफामिडिससारखं औषध आहे. त्याने मृत्यू कमी होतात हे 2018 मध्ये दिसलं. ते साठलेलं काढत नाही, पुढचं साठणं मंदावतं, म्हणून लवकर द्यायचं. ठोके मंदावणारं व्हेरापामिल देऊ नकोस. तसंच ठोके मंदावणारं बीटा ब्लॉकर चालू असेल तर पुन्हा विचार कर, कारण ते ताठर हृदय वेगावरच तग धरून असतं. एट्रियल फिब्रिलेशन (वरच्या कप्प्यांची अनियमित फडफड) सापडलं तर पक्षाघाताच्या धोक्याच्या गुणांची बेरीज न करता रक्त पातळ करण्याचं औषध सुरू करायचं, रक्तस्रावाचा धोका तेवढा बघून.

आणि उद्या राउंडला त्यांच्या शेजारी बसून दोन्ही मनगटं उजेडात बघ. काय दिसलं ते मला रात्री कळव, मी जागा असेन.

तुझा,
सर