बोअरच्या पाण्याचा हार्डनेस (कठीणपणा) लिटरमागे ६०० मिलिग्रॅम आहे, बंगल्यात सॉफ्टनर (पाणी मऊ करणारं यंत्र) बसवताना काय सांभाळावं?

आधी लॅब रिपोर्टमध्ये लोह बघा. लिटरमागे ०.३ मिलिग्रॅमच्या वर असेल तर ते रेझिनवर (सॉफ्टनरमधले हार्डनेस पकडणारे बारीक मणी) चिकटून बसतं, मग कितीही मीठ घाला, पाणी मऊ होत नाही. तिथे अगोदर लोह काढणारा फिल्टर हवा.

एक लिटर रेझिन एका फेरीत साधारण ५० ग्रॅम हार्डनेस पकडतं. म्हणजे २५ लिटर रेझिनमधून तुम्हाला २,००० लिटर पाणी मिळेल. त्यानंतर रिजनरेशन, म्हणजे मिठाच्या पाण्याने रेझिन पुन्हा ताजं करणं: दहा मिनिटं बॅकवॉश (पाणी उलट्या दिशेने सोडून धुणं), चार किलो मीठ ३६ लिटर पाण्यात विरघळवून अर्धा तास सावकाश ओढू द्यायचं, शेवटी खारटपणा जाईपर्यंत रिन्स. मीठ जाडंच घ्या, बारीक मिठाचा टाकीत दगड होतो.

मिठाचं पाणी ओढलंच जात नाही, ही तक्रार बहुतेकदा दाबाची असते. गच्चीवरच्या टाकीपासून दहा मीटर खाली जेमतेम १ बार दाब मिळतो, मिठाचं पाणी ओढणाऱ्या इंजेक्टरला दीड-दोन लागतो. प्रेशर पंप लावा. सॉफ्टनर टाळून पाणी थेट नेणारा बायपास व्हॉल्व्ह हवाच. ड्रेनचा पाइप गटारात खुपसू नका, दोन इंच वर मोकळा सोडा, नाहीतर घाण पाणी उलट शिरू शकतं.

स्वयंपाकघराची आणि बागेची लाइन सॉफ्टनरच्या आधीच वेगळी काढा. ६०० हार्डनेस काढताना लिटरमागे सुमारे २७५ मिलिग्रॅम सोडियम वाढतं. रक्तदाब किंवा मूत्रपिंडाचा त्रास असलेल्यांनी असं पाणी पिऊ नये. टीडीएस (पाण्यात विरघळलेले एकूण क्षार) मीटरचा आकडा घटणार नाही, तपासणी हार्डनेस किटनेच करा.