इंग्लंडच्या शाळेतली प्रार्थना, आणि माझा मागे घेतलेला अर्ज

तुम्ही विचारलंत, नाशिकहून लंडनला आल्यावर सहा वर्षांच्या लेकीला सरकारी शाळेत येशूची प्रार्थना म्हणायला लावतील का? सक्ती तिच्यावर नाही, शाळेवर आहे. रोजची सामूहिक प्रार्थना इथे १९४४ पासून कायद्यात आहे आणि १९८८ च्या कायद्यानुसार तिचं स्वरूप बहुतांशी ख्रिस्ती असायला हवं. पूर्णपणे सरकारी पैशावर चालणाऱ्या शाळेत धार्मिक शिक्षण नको, असं सांगणारं आपल्या संविधानाचं कलम २८ माहीत असलेल्या माणसाला हे पचत नाही. मलाही पचलं नव्हतं.

प्रत्यक्षात शाळेशाळेत फार फरक आहे. साध्या सरकारी शाळेतली असेंब्ली बरीचशी आपल्या परिपाठासारखी असते: गोष्ट, गाणं, दिवाळी-ईदची माहिती, शेवटी घटकाभर डोळे मिटून शांतता. चर्च ऑफ इंग्लंडच्या शाळाही सरकारी पैशावर चालतात, फी नसते, पण तिथली प्रार्थना उघड ख्रिस्ती असते. प्रवेशाला गर्दी असली तर त्यांतल्या काही शाळा चर्चला जाणाऱ्या कुटुंबांना आधी घेतात. हॅरोमध्ये कृष्णा अवंती ही सरकारी खर्चाची हिंदू शाळाही २००८ पासून आहे.

कारण न सांगता मुलाला प्रार्थनेतून बाहेर ठेवण्याचा हक्क पालकांना आहे. मी तो वापरला. माझा मुलगा तेव्हा सात वर्षांचा. रोज सगळा वर्ग हॉलमध्ये नाताळची गाणी बसवायचा आणि हा एका मदतनीस बाईंबरोबर वाचनालयात बसायचा. काही आठवड्यांनी त्याने विचारलं, "आई, माझं काय चुकलं?" दुसऱ्या दिवशी मी अर्ज मागे घेतला. म्हणून मला मनापासून वाटतं, ही सक्तीच काढून टाकायला हवी. बाहेर बसायची मुभा म्हणजे लहान मुलावर एकटेपण लादणं आहे.

वादाची दुसरी बाजू वेम्बलीत दिसली. तिथल्या मिकेला शाळेने आवारात नमाजासारख्या प्रार्थनाविधींना बंदी केली, एक मुस्लिम विद्यार्थिनी कोर्टात गेली आणि एप्रिल २०२४ मध्ये हायकोर्टाने शाळेची बाजू उचलून धरली. त्या मुलीचं दुःख मला कळतं.

तुमच्या मुलीला वर्षाच्या मध्येच प्रवेश लागला, तर आधी स्थानिक कौन्सिलकडे चौकशी करा. शाळा बघायला जाल तेव्हा दोन गोष्टी विचारा: असेंब्लीत नेमकं काय म्हणतात, आणि जी मुलं त्यात बसत नाहीत ती त्या वेळात कुठे आणि कोणाबरोबर असतात.