वाचकांचे प्रश्न : बॅडमिंटनचा वर्ग बंद करावा का?

प्रश्न : माझी अकरा वर्षांची मुलगी दोन वर्षांपासून बॅडमिंटन शिकते. यजमान अंबड औद्योगिक वसाहतीत नोकरीस आहेत. घरभाडे, किराणा, शाळेची रिक्षा सारे महागले, पगार मात्र त्या मानाने वाढला नाही. वर्गाची फी, शटल, रॅकेटचे गटिंग (तारा नव्याने ओवून घेणे) आणि बाहेरगावच्या स्पर्धा आता झेपत नाहीत. वर्ग बंद करणे योग्य ठरेल का? तिला कसे सांगावे?
– एक वाचक, सिडको, नाशिक

उत्तर : ओढाताण सुरू झाली की पहिली कात्री मुलांच्या खेळाला लागते, कारण शिकवणी सोडल्यास गुण घटण्याची भीती असते, आणि खेळ सुटल्याने होणारे नुकसान मात्र कोणत्याही प्रगतिपुस्तकात दिसत नाही. ५ ते १७ वर्षांच्या मुलांना रोज सरासरी ६० मिनिटे दमवणारी हालचाल हवी, असे जागतिक आरोग्य संघटना सांगते. म्हणून वर्ग थांबवावा लागला तरी खेळ थांबू देऊ नका, अशी माझी कळकळीची विनंती आहे.

आधी बाहेरगावच्या स्पर्धा कमी कराव्यात. या वयात त्या प्रत्येक वेळी गरजेच्या नसतात, आणि प्रवास, मुक्काम व प्रवेशशुल्क मिळून खर्च फार होतो. पिसांचे शटल लवकर मोडते. रोजच्या सरावाला नायलॉनचे पुरते. आठवड्यातले दिवस कमी करून फीही कमी होईल का, हे प्रशिक्षकांना विचारण्यात कमीपणा मानू नये. तेही न जमल्यास शाळेचा खो-खो किंवा कबड्डीचा संघ आहेच. मैदान आणि क्रीडासाहित्य २००९ च्या शिक्षण हक्क कायद्याच्या निकषांतच आहे, तेव्हा शाळेत ते नसेल तर पालकांनी एकत्र येऊन मागावे.

आपल्या जिल्ह्यातील सावरपाड्याच्या कविता राऊत यांनी २०१० च्या दिल्ली राष्ट्रकुल स्पर्धेत १०,००० मीटर शर्यतीत कांस्यपदक मिळवले. त्यांच्याविषयी मला नितांत आदर आहे. परंतु ‘जिद्द असली की पैसा आड येत नाही’ असे त्यांचे नाव घेऊन आपल्यासारख्या पालकांना ऐकवणे मला पटत नाही.

मुलीला खरे कारण सांगावे. अभ्यासाची सबब पुढे केली, तर आपलेच काही चुकले असे तिला वाटेल. रॅकेट मात्र विकू नका. सुट्टीच्या दिवशी वडिलांनी तिच्याबरोबर अंगणात अर्धा तास खेळावे.