एमेस्सीचं काय लोणचं घालायचं?

“मॅडम, पाच वर्षं केमिस्ट्री शिकली. आता म्हणते पेटंटमध्ये जायचंय, वकील व्हायचंय. मग त्या एमेस्सीचं काय लोणचं घालायचं?”

मी करिअरचा सल्ला देते. रात्रीच्या एसटीने चिपळूणहून निघून बापलेक सकाळी साडेनऊलाच माझ्या दारात हजर. वडील एसटी डेपोतून मेकॅनिक म्हणून निवृत्त झालेले. मुलगी सव्वीसची, ऑरगॅनिकमध्ये एमेस्सी, लोटे परशुरामला एका औषध कंपनीत क्यूसीत, म्हणजे मालाचा दर्जा तपासायच्या विभागात, नोकरी. (ओळख पटू नये म्हणून तपशील थोडे बदललेत.) एचपीएलसीवर, म्हणजे औषधातले घटक मोजायच्या यंत्रावर, सॅम्पल लावायचं, आलेख बघायचा, रजिस्टरमध्ये सही ठोकायची. तीन वर्षं हेच. “मला कंटाळा कामाचा नाही आलाय, गप्प राहण्याचा आलाय,” ती म्हणाली. वडिलांना ते काही कळलं नाही. खरं तर तेव्हा मलाही नीटसं कळलं नव्हतं.

सायन्स शिकलेल्या मुलांच्या घरून ही काळजी माझ्याकडे सारखी येते: कायद्याकडे वळलो तर आधीचं शिक्षण पाण्यात जाईल. पेटंटच्या बाबतीत गोष्ट नेमकी उलटी आहे. पेटंट एजंट म्हणजे दुसऱ्याच्या शोधासाठी पेटंटचा अर्ज लिहिणारा आणि तो चालवणारा. ती परीक्षा द्यायला विज्ञान, अभियांत्रिकी किंवा तंत्रज्ञानाची पदवी लागते. कायद्याची लागत नाही. म्हणजे हिची एमेस्सी हेच तिचं तिकीट.

हे आज मी ठामपणे सांगते, पण त्याची किंमत दुसऱ्याने मोजलीय. काही वर्षांपूर्वी बीकॉम करून एलएलबी झालेल्या एका मुलाला “पेटंटला फार स्कोप आहे” असं मीच सांगून बसले होते. त्याने पेटंटच्या डिप्लोमाची फी भरली, आणि मग कळलं की एजंटच्या परीक्षेला तो बसूच शकत नाही. पुढे तो ट्रेडमार्ककडे, म्हणजे धंद्याची नावं-चिन्हं नोंदवायच्या कामाकडे वळला. तिथे वकिलाला वेगळी परीक्षा नाही, पदवी कशातली हेही कोणी विचारत नाही. नाव आधी कोणी घेतलंय का हे शोधायचं, माल आणि सेवांच्या 45 वर्गांपैकी कुठल्या वर्गात अर्ज टाकायचा ते ठरवायचं, ट्रेडमार्कच्या सरकारी जर्नलमध्ये छापून आल्यावर चार महिन्यांत कोणी हरकत घेतली तर लढायचं. त्याला ते छान जमतं. पण ती फी माझ्या अज्ञानापायी गेली. तेव्हापासून ‘स्कोप’ हा शब्द मी या खोलीत वापरत नाही.

तर, दार उघडं आहे हे वडिलांना सांगितलं. पण आत गेल्यावर काय करावं लागतं, ते मुलीला तरी माहीत होतं का? मला वाटतं, खरा प्रश्न तोच. पेटंटचं काम मुळात लिहिण्याचं आहे, आणि तेही फार किचकट. मी स्वयंपाकघरातून चहाची गाळणी आणून टेबलावर ठेवली. ही युक्ती माझी नाही, एका पेटंट एजंट मैत्रिणीची आहे. “समज, ही जगात पहिल्यांदा तूच बनवलीस. तुझा हक्क कशावर, ते एका वाक्यात लिही.” पेटंटच्या अर्जात या वाक्याला क्लेम म्हणतात, आणि सगळी मारामारी त्याच्यावरून होते.

तिने लिहिलं: स्टीलची गोल जाळी आणि प्लास्टिकची दांडी असलेली गाळणी.

“शेजाऱ्याने लाकडी दांडी लावून विकली तर?”

तिने प्लास्टिक खोडलं. मग स्टील खोडलं. मग ‘गोल’ही. दहा मिनिटांनी वाक्य झालं: गाळण्यासाठी छिद्रं असलेला भाग आणि तो धरण्यासाठी त्याला जोडलेला दुसरा भाग.

वडील इतका वेळ छताकडे बघत बसले होते. ते एकदम म्हणाले, “अगं, मग हा तर झारा झाला!”

बरोबर होतं. झारा आधीपासून घरोघरी आहे, म्हणजे इतका ऐसपैस क्लेम पहिल्याच फटक्यात उडणार. फार अरुंद लिहिलं तर शेजारी निसटतो, फार रुंद लिहिलं तर आपणच बुडतो. पुढची चाळीस मिनिटं दोघं बापलेक जाळीची खोली, कडेचा वाक, कपावर टेकणारा तो पुढचा आकडा यांवर भांडत होते. चहा तसाच गार झाला. तिचा गप्प राहण्याचा कंटाळा म्हणजे काय, ते मला तेव्हा कळलं.

मग तीच आम्हाला ग्लिवेकचा खटला सांगायला लागली. रक्ताच्या कर्करोगावरचं औषध, त्याच्या बीटा स्फटिकरूपावर नोव्हार्टिसला पेटंट हवं होतं. माहीत असलेल्या पदार्थाचं नवं रूप आणलं, तर त्याची परिणामकारकता वाढल्याचं दाखवा, असं आपल्या कायद्याचं कलम 3(ड) सांगतं. सुप्रीम कोर्टाने 1 एप्रिल 2013 ला कंपनीचं अपील फेटाळलं. “बाबा, शरीरात जास्त शोषलं जाणं म्हणजे जास्त गुण येणं का, यावर तिथे वाद झाला. हे केमिस्ट्रीशिवाय कळेल का कोणाला?” वडील एवढंच म्हणाले, “स्फटिकावरून सुप्रीम कोर्टात?”

पुढचं सगळं हिशोबाचं. एजंट पेटंट ऑफिससमोर काम करतो. हायकोर्टात उभं राहायचं तर वकिलीची सनद लागते. 2021 मध्ये बौद्धिक संपदेचं अपील मंडळ बंद झालं आणि ती प्रकरणं हायकोर्टांकडे गेली, त्यामुळे सनदेचं वजन वाढलंय. पूर्ण वेळ पगारी नोकरी आणि चालू सनद मात्र एकत्र ठेवता येत नाही, हे पुष्कळांना उशिरा कळतं. म्हणून मी सुचवलं, लॉची सीईटी आत्ता नको. आधी एखाद्या फर्ममध्ये शोधकामाला लाग. जगभरची पेटंटं चाळून ‘हे आधी कोणी केलंय का’ बघायचं, हे ते काम. ते वर्षभर सोसवलं तर एजंटची परीक्षा, आणि तीन वर्षांचं एलएलबी त्यानंतर. सुरुवातीला पगार फारसा वाढणार नाही, हेही वडिलांसमोरच सांगितलं. ते फक्त माझ्याकडून ऐकलेलं बरं असतं.

एजंटच्या परीक्षेत पहिल्या खेपेला ती नापास झाली. प्रत्येक पेपरात पन्नास टक्के होते, पण एकूण साठ लागतात, तिथे थोडक्यात हुकलं. ही परीक्षा दरवर्षी ठरल्या महिन्यात होईलच असं नसतं, त्यामुळे वाट बघणं आलं. त्या काळात तिच्यापेक्षा वडिलांचेच फोन जास्त यायचे. दुसऱ्या खेपेला पास झाली. सध्या पुण्यात एका फर्ममध्ये औषधांचे क्लेम लिहिते. लॉचं अजून ठरलेलं नाही, आणि मीही विचारलेलं नाही.

परवा वडिलांचा फोन आला. त्यांनी स्वतः नारळ सोलायचं एक यंत्र केलंय, पायाने दाबायचं. पेटंट घ्यावं म्हणून लेकीला विचारलं, तर ती फणकारली: अर्ज टाकण्याआधी कोणाला दाखवलंत का? चारचौघांत उघड झालं की ते नवं राहत नाही!

गणपतीत अख्ख्या वाडीला दाखवून झालं होतं.