‘त्र्यंबकेश’ एवढंच का दिसतं? फोटो लायब्ररीच्या अपडेटवर वाचकांचे प्रश्न

डिजिकॅम हे फोटो-व्हिडिओ सांभाळायचं मोफत सॉफ्टवेअर आहे. त्याच्या अपडेटबद्दल नाशिकमधूनच इतके प्रश्न आलेत की यावेळचा सगळा कॉलम त्यालाच दिलाय.

प्रश्न : इंदिरानगरला माझा छोटा स्टुडिओ आहे, लग्नाची कामं करतो. अजून सातचं व्हर्जन वापरतोय, लाखाच्या वर फोटो आहेत. आठचं टाकू का? सगळं उडून जाईल अशी भीती वाटते.

टाका दादा, पण ऐन लग्नसराईत नको, चातुर्मासात हातात वेळ असतो तेव्हा टाका. फोटो उडत नाहीत, ते तुमच्या फोल्डरमध्येच असतात. सॉफ्टवेअर फक्त त्यांची वही ठेवतं आणि अपडेटमध्ये बदलते ती ही वही. नवीन व्हर्जन पहिल्यांदा उघडलं की ते डेटाबेसची रचना बदलून घेतं, आणि एकदा बदलली की जुनं व्हर्जन तो डेटाबेस उघडेलच असं नाही, म्हणजे परत मागे यायचं तर आधीची कॉपी हातात पाहिजेच. साधं एसक्यूलाइट, म्हणजे फाइलींमध्येच राहणारा डेटाबेस, वापरत असाल तर डिजिकॅम बंद करून डेटाबेसच्या फोल्डरमधल्या ‘डॉट डीबी’वाल्या सगळ्या फाइली दुसऱ्या डिस्कवर घ्या, एक मेन असते, बाकी थंबनेल, चेहरे आणि सारखे फोटो शोधायच्या. आणि कॉपी झाली म्हणून लगेच पुढे जाऊ नका, तिची साइज एकदा बघा.

अजून एक. एक्स्टर्नल ड्राइव्हचं अक्षर बदललं की सगळे अल्बम गायब झाल्यासारखे दिसतात. तेव्हा घाबरून कलेक्शन डिलीट करून परत जोडू नका, सेटिंगमध्ये कलेक्शन्सला जाऊन पाथ नीट करा.

प्रश्न : लग्नात आम्ही दोन कॅमेरे आणि एक मोबाइल वापरतो. तारखेप्रमाणे लावलं की साडेअकराच्या हळदीचा व्हिडिओ पहाटे सहाला दिसतो, ग्रहमखाच्याही आधी! अपडेटमध्ये हे सुधारलंय का?

फरक बरोबर साडेपाच तासांचा आहे, तिथेच उत्तर आहे. एमपीफोर व्हिडिओत वेळ यूटीसीमध्ये लिहायची असा नियम आहे, म्हणजे ग्रीनिचची वेळ धरा, आणि फोटोत मात्र कॅमेऱ्याच्या घड्याळात जी असेल ती स्थानिक वेळ लिहिली जाते. फोटोच्या एक्झिफमध्ये, म्हणजे कॅमेरा फोटोतच जी माहिती लिहितो तिच्यात, टाइमझोन लिहायला जागाच नव्हती, ती २०१६ साली २.३१ आवृत्तीत आली, त्यामुळे दोघांचा मेळ कसा घालायचा हे प्रत्येक सॉफ्टवेअर आपापल्या परीने ठरवतं आणि कधीकधी चुकतं. नुसत्या अपडेटच्या भरवशावर राहू नका. फक्त व्हिडिओ निवडा, टाइम अ‍ॅडजस्टमध्ये साडेपाच तास पुढे करा, पण आधी दोन-तीन कॉप्यांवर करून बघा, कारण काही कॅमेरे नियम न पाळता व्हिडिओतही स्थानिक वेळच लिहितात आणि मग चांगली असलेली वेळ तुम्ही बिघडवाल. आणि लग्नाच्या दिवशी सकाळी दोन्ही कॅमेऱ्यांनी एकाच मोबाइलच्या घड्याळाचा फोटो काढून ठेवा, मागेपुढे किती आहे ते त्यावरून लगेच कळतं.

प्रश्न : मी पंचवटीत राहते. बाबांनी २००३ आणि २०१५ च्या सिंहस्थात भरपूर फोटो काढलेत, २०२७ च्या आधी ते नीट लावून घरच्या घरी एक प्रदर्शन करायचंय. अपडेटनंतर सगळी माहिती फोटोतच लिहून डिझायनरकडे पाठवली, तर त्याच्याकडे शहराच्या जागी ‘त्र्यंबकेश’ आणि पुढे एक चौकोन दिसतो. आणि बाबांच्या जुन्या कॅप्शन तर इंग्रजी अक्षरांचा नुसता काला दिसतात.

ताई, तुमचं पत्र वाचून फार बरं वाटलं, सिंहस्थाचे असे घरगुती फोटो नीट लावून ठेवणारं कुणीतरी आहे.

चौकोनाचं आधी सांगते. फोटोत माहिती लिहायची एक जुनी जागा आहे, आयपीटीसी, आणि तिथे मोजमाप बाइटमध्ये असतं, शहराला ३२ बाइट. इंग्रजी अक्षराला एक बाइट लागतो, आपल्या देवनागरीतल्या प्रत्येक चिन्हाला यूटीएफ-८ या नेहमीच्या पद्धतीत तीन. आता बोटांवर मोजा : त, पायमोड, र, पायमोड, य, अनुस्वार, ब, क, मात्रा, श, पायमोड, व, र, झाले तेरा, म्हणजे ३९ बाइट. ३२ मध्ये ‘त्र्यंबकेश’पर्यंतचे दहा बसतात, ते झाले ३०, उरलेल्या दोन बाइटांत पुढचा पायमोड अर्धाच येतो आणि त्याचा तो चौकोन दिसतो. ‘नाशिक’ पंधरा बाइटांत बसतं म्हणून ते कधी तुटलेलं दिसलं नाही. कीवर्डला ६४ बाइट असतात, त्यात ‘सिंहस्थ कुंभमेळा रामकुंड’ सुद्धा बसत नाही, त्याचे ६८ होतात. हा नियम केला तेव्हा आपल्या भाषेचा विचार कुणी केला नव्हता आणि त्याचा त्रास आपण अजून काढतोय, याचं मला खरंच वाईट वाटतं.

नवीन जागा म्हणजे एक्सएमपी, अ‍ॅडोबीने २००१ मध्ये आणलं, २०१२ पासून त्याला आयएसओचं मानक आहे, तिथे अशी कात्री लागत नाही. डिझायनरला सांगा की एक्सएमपीमधलं वाचा. त्याला जमत नसेल तर शहर रोमन अक्षरांत लिहा, तेरा बाइटांत होतं, आणि मराठी नाव कॅप्शनमध्ये घ्या, तिथे जुन्या जागेतही २००० बाइट आहेत म्हणजे साधारण साडेसहाशे चिन्हं. टॅग तोडून लावा, सिंहस्थ वेगळा, रामकुंड वेगळा, २०१५ वेगळा. शोधायलाही तेच सोपं पडतं.

आता बाबांच्या कॅप्शन. त्या बहुतेक श्रीलिपीसारख्या जुन्या फाँटमध्ये टाइप केल्या असणार, त्यात खरी मराठी अक्षरं नसतातच, इंग्रजी अक्षरांवर मराठी चित्रं बसवलेली असतात, फाँट गेला की आतली इंग्रजी अक्षरं उघडी पडतात. कुठलंही अपडेट हे आपोआप दुरुस्त करणार नाही. कन्व्हर्टरने युनिकोड करून घ्या, पण मूळ कॅप्शन पुसू नका, कारण ऱ्हस्व वेलांटी आणि रफार हमखास सरकतात, जुन्या फाँटात वेलांटी अक्षराच्या आधी टाइप होते ना. आणि तपासायला बाबांनाच शेजारी बसवा. कुठला आखाडा, कुठला घाट, मिरवणूक कुठल्या गल्लीतून चाललीय हे कन्व्हर्टरला कळत नाही. रोज वीस फोटो केलेत तरी चालेल.

प्रश्न : आमच्या वाचनालयात वर्तमानपत्रांची कात्रणं स्कॅन केलीत. त्यातला मजकूर शोधता येईल का?

हो, एप्रिल २०२३ च्या ८.० व्हर्जनपासून डिजिकॅममध्ये ओसीआर, म्हणजे चित्रातला मजकूर वाचायची सोय आलीय, मागे टेसरॅक्ट नावाचं सॉफ्टवेअर आहे आणि त्याची मराठी भाषेची फाइल मिळते, ती वेगळी टाकावी लागते. ३०० डीपीआयला सरळ स्कॅन केलेलं छापील बऱ्यापैकी वाचतं. हाताने लिहिलेल्यावर वेळ घालवू नका.

प्रश्न : सिडकोतून लिहितेय. घरातल्या सगळ्यांची नावं चेहऱ्यांना दिलीत, तीन महिने लागले. अपडेटमध्ये ही नावं जातील का?

जुलै २०२० च्या ७.० मध्ये चेहरे ओळखायची पद्धत पूर्ण बदलली आणि पुढेही त्यात बदल होत आलेत, त्यामुळे नवीन व्हर्जनला चेहरे परत शिकायला लागू शकतात. पण तुम्ही दिलेली नावं फोटोच्या आत लिहिलेली असतील तर ती तिथून परत वाचता येतात. मेटाडेटाच्या, म्हणजे फोटोसोबतच्या माहितीच्या, सेटिंगमध्ये टॅग आणि चेहऱ्यांची नावं फाइलमध्ये लिहायच्या खुणा आहेत, त्या आधी बघा.

माझ्याकडे त्या खुणा लावलेल्या नव्हत्या. आजीच्या माहेरच्या फोटोंना मावशीने फोनवर एकेक नाव सांगितलं होतं, मी सगळं डेटाबेसमध्ये भरलं आणि ती डिस्क गेली. फोटोंची कॉपी होती, नावांची नव्हती. वाड्याच्या दारात उभ्या असलेल्या दोन बायका, एकीच्या कडेवर मूल, कोण त्या हे आता सांगणारं कुणी नाही, मावशी गेली.

म्हणून खुणा लावल्यावर मेंटेनन्समधून डेटाबेसमधली माहिती फाइलींमध्ये लिहून घ्या, दिशा नीट बघा, उलट केलं तर फाइलीतलं डेटाबेसमध्ये येतं. मग एक फोटो पेनड्राइव्हवर घेऊन दुसऱ्या कुणाच्या तरी कॉम्प्युटरवर उघडा. तिथे नाव दिसलं की मगच अपडेटला हात लावा.