समुद्र नीट माहीत नसताना बंड करून जहाजातून पळून जाणाऱ्या मुलांची फँटसी कादंबरी मराठीत कशी लिहावी?

इंदूरला वाढलात, समुद्र फक्त सुट्टीत पाहिलाय आणि तरी राजाविरुद्ध उठलेली पोरंपोरी जहाज पळवतात अशी किशोरांसाठी कादंबरी लिहायचीय, असं तुम्ही विचारलंय. जरूर लिहा! फक्त जादूची सिस्टीम ठरवायच्या आधी भरती-ओहोटी ठरवा, एवढंच माझं म्हणणं आहे.

मी बडोद्याची, म्हणजे समुद्र आमच्याही गावात नाही, पण जंबुसरच्या पुढे कावी-कंबोईला स्तंभेश्वर महादेवाचं देऊळ आहे, इंदूरहून जमलं तर तिथे एक अख्खा दिवस काढाच. ओहोटीला गेलात तर समोर नुसता करडा चिखल दिसतो, पाणी कुठंय तेच कळत नाही, आणि मग ते येतं, पण सिनेमात येतं तसं उसळत नाही, आधी चिखलातल्या बारक्या ओहळांमधून गुपचूप आत शिरतं, आपण बघतोय तोवर पायऱ्या बुडतात, लोकांना बाहेर काढतात आणि मग पिंडीवरून पाणी. रोज दोनदा. दर्शनाच्या वेळासुद्धा पाणीच ठरवतं.

खंभातच्या आखातात हे सगळं फार मोठ्या प्रमाणात चालतं, भावनगरकडे भरती आणि ओहोटीच्या पातळीत १० मीटरच्या आसपास फरक पडतो. म्हणून भावनगर बंदरात लॉकगेट आहे, भरतीचं पाणी आत अडवून ठेवायचं म्हणजे ओहोटीला जहाजं चिखलात बसत नाहीत. आता तुमची पोरं इथे आणा. जहाज आत आहे, गेट राजाच्या शिपायांच्या ताब्यात आहे आणि बाहेरचं पाणी उतरायला लागायच्या आत ते उघडलं नाही तर पुढच्या भरतीपर्यंत बारा तास तिथेच अडकून पडायचं. मला तरी एवढ्या प्रसंगासाठी ड्रॅगन लागत नाही.

रात्र कुठली निवडायची तेही चंद्रावरूनच ठरतं. कोकण किनाऱ्यावर जुना हिशोब आहे, तिथीला पाऊणने गुणलं की भरतीची साधारण वेळ निघते, म्हणजे अष्टमीला ६ वाजता, अमावास्या-पौर्णिमेला सव्वाअकराच्या सुमारास, दुपारी आणि रात्री दोन्हीकडे. अमावास्येला उधाणही असतं आणि अंधारही, म्हणजे पळायला तीच रात्र. पौर्णिमेला पाणी तेवढंच पण बुरुजावरच्या पहारेकऱ्याला सगळं स्वच्छ दिसणार. आणि फँटसीच आहे तर दोन चंद्र द्या ना! दोन्ही एका रेषेत आले की कित्येक वर्षांतून एकदा येणारं प्रचंड उधाण, आणि बंडवाले त्याच रात्रीची वाट बघत बसलेत. इथे जादू हवी तेवढी करा, हिशोब मात्र शेवटच्या पानापर्यंत पाळा, कारण बारा-तेरा वर्षांची मुलं असल्या गोष्टी मोठ्यांपेक्षा पक्क्या पकडतात.

बंडाचं कारणही जेवढं रोजचं तेवढं चांगलं. मुंबईत १८ फेब्रुवारी १९४६ ला तलवार या नौदलाच्या तळावर खलाशी उठले, त्यात खराब जेवण आणि गोऱ्या अधिकाऱ्यांची अपमानास्पद वागणूक ही तक्रार अगदी वर होती, स्वातंत्र्याची आस तर होतीच, आणि बघता बघता ते लोण कराचीपर्यंत पोचलं. तुमच्या नायिकेलाही भविष्यवाणी नको, तिच्या धाकट्या भावाच्या ताटात किडकी डाळ पडू दे, ती उठेल.

शिवाय किनाऱ्याला लागले म्हणजे सुटले असं करू नका. सावरकरांनी ८ जुलै १९१० ला मार्सेयला बोटीच्या पोर्टहोलमधून उडी मारली, पोहत फ्रान्सच्या जमिनीवर पोचलेसुद्धा, तरी पकडून परत बोटीवर नेलं, आणि मग प्रकरण हेगच्या लवादापर्यंत गेलं. परक्या बंदरात कोण आसरा देतं, कोण परत सोपवतं, दुसरा भाग त्यावरच उभा राहू शकतो.

एक राहिलं, शिडाचं जहाज ऐन पावसाळ्यात बाहेर काढू नका, आपल्याकडे दर्यावर्दी लोक नारळी पौर्णिमेपर्यंत थांबतात. काढायचंच असेल तर त्यांच्यातल्या कुणीतरी म्हाताऱ्या तांडेलाने, म्हणजे खलाशांच्या म्होरक्याने, आधी कडाडून विरोध केलेला दाखवा, आणि त्याचं म्हणणं खरं ठरू द्या.