सुटलेल्या सांध्याच्या दोन्ही बाजू

प्रश्न : आम्ही ॲल्युमिनियमचे पत्रे इपॉक्सीने चिकटवून चौकटी बनवतो. सुरुवातीला नमुने मशीनवर तोडून बघितले, तेव्हा २४ मेगापास्कल ताकद मिळाली. आम्हाला लागते त्याच्या कितीतरी पट. दोन वर्षांनी, उघड्यावर असलेल्या चौकटींतले चार सांधे हाताने ओढल्यावर सुटले. एका पत्र्यावर सगळं इपॉक्सी, दुसरा पत्रा स्वच्छ. पुरवठादार म्हणतो, बॅचमध्ये दोष नव्हता. मग चुकलं कुठे?

उत्तर : पुरवठादाराचं म्हणणं मला पटतं आणि त्याचा पुरावा तुमच्याच पत्रात आहे : ‘दुसरा पत्रा स्वच्छ’. इपॉक्सी कमजोर असतं तर ते मधूनच फाटलं असतं आणि दोन्ही पत्र्यांवर त्याचा थर राहिला असता. तुमच्याकडे इपॉक्सी शाबूत आहे, धातूवरची पकड गेली आहे. म्हणजे चूक डब्यात नाही, पत्रा तयार करण्यात आहे.

सुटलेले पत्रे टाकून दिले नसतील तर एक करा. इपॉक्सीची मोकळी झालेली बाजू उजेडात तिरपी धरून भिंगातून बघा. समोरच्या पत्र्यावरचे पॉलिश पेपरचे ओरखडे त्यात ठशासारखे उमटलेले दिसतात का? दिसले, तर चिकटवताना इपॉक्सी धातूच्या कानाकोपऱ्यात नीट पोचलं होतं. पकड त्या दिवशी होती, नंतर सुटली. ठसा नसेल आणि पृष्ठभाग गुळगुळीत, बुडबुड्यांचा असेल, तर तिथे ते धातूला टेकलंच नव्हतं. दोन्हींचे इलाज वेगळे आहेत. पण तुमची ताकद आधी २४ होती आणि मग गेली, त्यामुळे मला पहिली शक्यता मोठी वाटते.

पकड नंतर का सुटते? पाण्यामुळे. बंद सांध्यातही पाणी शिरतं, कारण क्युअर झालेलं, म्हणजे पूर्ण घट्ट झालेलं इपॉक्सीही वाफ हळूहळू शोषून घेतं. आत गेल्यावर ते दोन कामं करतं. एक म्हणजे इपॉक्सीला थोडं मऊ करतं. ते बऱ्याच अंशी परत भरून निघतं, सांधा वाळला की ताकद पुष्कळशी परत येते. दुसरं काम वाईट. ॲल्युमिनियमवर ऑक्साइडचा पातळ थर असतो आणि इपॉक्सीने खरं तर त्या थराला धरलेलं असतं. त्या थराला इपॉक्सीपेक्षा पाणी जास्त जवळचं. पाणी तिथे पोचलं की इपॉक्सीला बाजूला सारतं, शिवाय ऑक्साइडचं हायड्रेटेड, म्हणजे पाणी सामावलेलं ऑक्साइड होतं. हा नवा थर फुगतो आणि खालच्या धातूला नीट धरून राहत नाही. हे नुकसान सांधा वाळवून भरून येत नाही.

आता तुमचे २४ मेगापास्कल. तो आकडा खोटा नव्हता, पण त्याने वेगळ्याच प्रश्नाचं उत्तर दिलं होतं. मी हे नोकरीच्या पहिल्या वर्षी शिकले. मला नमुन्यांचे दोन संच बनवायला सांगितले होते. एका संचातले पत्रे पॉलिश पेपरने घासून सॉल्व्हंटने पुसलेले, दुसऱ्यातले फॉस्फरिक ॲसिडमध्ये ॲनोडाइझ केलेले, म्हणजे ॲसिडमध्ये वीज सोडून त्यांच्यावर ऑक्साइडचा थर वाढवलेला. लॅप शिअर चाचणीत, म्हणजे एकमेकांवर चढवून चिकटवलेले पत्रे विरुद्ध दिशांना ओढणाऱ्या मशीनवर, दोन्ही जवळपास सारख्याच भाराला तुटले. मी अहवालात लिहिलं की ॲनोडाइझिंगची गरज दिसत नाही. आमच्या साहेबांनी तो वाचला, बाजूला ठेवला आणि मला पाचर चाचणी करायला सांगितली.

ही चाचणी इतकी साधी आहे की छोट्या कारखान्यातही होऊ शकते. सव्वातीन मिलिमीटर जाडीच्या, २५ मिलिमीटर रुंद आणि १५० मिलिमीटर लांब अशा दोन पट्ट्या एकमेकींना चिकटवायच्या, एका टोकाला थोडी जागा बिनचिकट ठेवायची. क्युअर झाल्यावर त्या टोकातून तेवढ्याच जाडीची पाचर ठोकायची. पट्ट्या फाकतात, तडा थोडा पुढे जाऊन थांबतो. भिंगातून त्याचं टोक शोधून कडेवर सुईने रेघ मारायची आणि पाचर तशीच ठेवून पट्ट्या गरम, दमट कपाटात ठेवायच्या. आमच्याकडे ५० अंश सेल्सिअस आणि ९५ टक्क्यांच्या वर आर्द्रता असायची. म्हणजे सांध्याला ताण आणि पाणी दोन्ही एकाच वेळी, प्रत्यक्ष वापरात असतं तसं.

पाचर ठोकली तेव्हा दोन्ही संचांत माझ्या रेघा जवळपास एकाच जागी होत्या. तासाभराने कपाट उघडलं. ॲनोडाइझ केलेल्या पट्ट्यांत तडा रेघेच्या जेमतेम पुढे सरकला होता. घासून पुसलेल्यांपैकी पहिली उचलली आणि ती हातातच दोन झाली. एका पट्टीवर इपॉक्सीचा अखंड थर, त्यावर माझ्याच पॉलिश पेपरचे ओरखडे, एकूण एक. दुसरी पट्टी चिकटवण्याआधी होती तशीच कोरी. तो अहवाल मी त्याच संध्याकाळी परत लिहिला. त्यानंतर कोणीही मला फक्त कोरड्या लॅप शिअरचा आकडा दाखवला, की मी पहिला प्रश्न विचारते : ओल्यात काय झालं?

विमानबांधणीत हा धडा फार महागात पडला. एकोणीसशे साठच्या दशकात वापरलेल्या काही इपॉक्सी आणि त्या काळच्या ॲसिड एचिंगची (पत्रा ॲसिडमध्ये बुडवून पृष्ठभाग खरवडण्याची) जोडी कोरड्यात उत्तम आकडे द्यायची आणि दमट हवेत सांधे सुटायचे. अमेरिकी हवाई दलाने १९७५ मध्ये चिकटवलेल्या विमानरचनांसाठी पॅब्स्ट नावाचा मोठा कार्यक्रम हाती घेतला आणि त्यात फॉस्फरिक ॲसिड ॲनोडाइझिंगवर भर दिला गेला. या प्रक्रियेत मधमाशांच्या पोळ्यासारखा सच्छिद्र ऑक्साइड तयार होतो, इपॉक्सी त्यात मुरतं आणि पृष्ठभागावरचं फॉस्फेट त्या ऑक्साइडला पाण्यापासून वाचवतं. त्याच्याही आधी, १९४० च्या दशकात, इंग्लंडमध्ये डक्सफर्डला नॉर्मन द ब्रुइन यांनी बनवलेल्या ‘रिडक्स’ या फिनॉलिक ॲडहेसिव्हने जोडलेली विमानं दशकानुदशकं उडाली. चिकटवलेला सांधा टिकतच नाही असं जे सर्रास म्हणतात, त्यांनी हे जरूर लक्षात घ्यावं.

तुमच्याकडे ॲनोडाइझिंगची सोय नसेल तर निदान एवढं करा. आधी तेलकटपणा काढा, मग घासा. उलट क्रम केलात तर तेल ओरखड्यांत घासून बसवाल. पुसायचं फडकं दर वेळी नवं हवं. एकच फडकं सॉल्व्हंटमध्ये बुडवून दहा पत्रे पुसले, तर पहिल्या पत्र्याचं तेल दहाव्यावर जातं. घासून झाल्यावर पत्र्यावर शुद्ध पाणी सोडा. ते सलग पातळ पडद्यासारखं पसरून राहिलं तर ठीक. मध्येच फाटून थेंब झाले तर तिथे अजून घाण आहे, पुन्हा सुरुवात करा. ही ‘वॉटर ब्रेक’ची परीक्षा नापास पत्रा नक्की पकडते. मात्र पास झालेला पत्रा पुढे पाण्यात टिकेल याची ती हमी देत नाही. त्यासाठी वाळवल्यावर सिलेनचा पातळ हात द्या. सिलेनचा रेणू एका टोकाने धातूच्या ऑक्साइडला आणि दुसऱ्या टोकाने इपॉक्सीला रासायनिक बंधाने धरतो, त्यामुळे पाण्याला शिरकाव अवघड जातो. ग्रिट ब्लास्टिंग (हवेच्या झोताने बारीक कठीण कण मारून पृष्ठभाग खरवडणं) आणि त्यावर सिलेन, ही जोडी विमानांच्या दुरुस्तीत वर्षानुवर्षं वापरात आहे. मग हात न लावता, वेळ न दवडता चिकटवा. आणि प्रत्येक दिवसाच्या कामाबरोबर पाचरीच्या दोन पट्ट्या बनवा. त्याच माणसाने, तशाच फडक्याने, त्याच डब्यातून.

आता बाहेर गेलेल्या चौकटींबद्दल. हे तुम्ही विचारलं नाहीत, पण मला सांगावंच लागेल. चार सांधे सुटले, तर त्याच पद्धतीने तयार केलेले बाकीचे सगळे संशयित धरा, आज ते कितीही घट्ट वाटोत. ठोकून किंवा अल्ट्रासाउंडने पोकळी सापडते, कमजोर पकड सापडत नाही. इपॉक्सी धातूला नुसतं टेकून असलं तरी यंत्राला सांधा चांगलाच दिसतो. ज्यांच्या सुटण्याने कोणाला इजा होऊ शकते, त्या चौकटी आधी उतरवा किंवा त्यांचा भार दुसऱ्या मार्गाने न्या. उघडलेल्या फटीत नवं इपॉक्सी सोडण्याचा मोह टाळा. खालचा पृष्ठभाग खराब झालेलाच आहे, त्यावर ते धरणार नाही.

प्रश्न : एका माहितीपत्रकात लिहिलं आहे की दमट कपाटातले १,००० तास म्हणजे बाहेरची २० वर्षं. मी अभियांत्रिकीचा विद्यार्थी आहे. हे गणित कसं काढतात?

उत्तर : सर्वांना लागू पडेल असं गणित नाही. तापमान वाढवलं की पाणी आत शिरण्याचा वेग वाढतो, हे खरं. पण पाणी शोषलेल्या इपॉक्सीचं ग्लास ट्रान्झिशन तापमान, म्हणजे ज्याच्या वर ते कडक न राहता मऊ होतं ते तापमान, खाली येतं. खोलीच्या तापमानाला क्युअर होणाऱ्या बऱ्याच इपॉक्सींचं ते मुळात ५०-६० अंशांच्या आसपास असतं. कपाट ७० अंशांवर ठेवलंत, तर तुम्ही रबरासारख्या मऊ पदार्थाची परीक्षा घेत आहात. प्रत्यक्षात तो कधीच त्या अवस्थेत नसेल. शिवाय पाणी आत जायला लागणारा वेळ रुंदीच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो. दुप्पट रुंद सांधा, चौपट वेळ. पत्रे १२ मिलिमीटर एकमेकांवर चढवलेल्या नमुन्यावर मिळालेले तास १०० मिलिमीटरच्या सांध्याला कसे लावणार? आणि बहुतेक माहितीपत्रकांतले नमुने कपाटात बिनभाराचे पडून असतात.

कपाटाचा खरा उपयोग तुलनेसाठी. दोन पद्धतींतली कोणती आधी हार मानते, ते कळतं. वर्षं मात्र त्यातून मोजू नका.

प्रश्न : छताला जड वस्तू लटकवण्यासाठी इपॉक्सीत बसवलेले अँकर वापरायचे आहेत. दुप्पट भार लावून तपासले, एकही हलला नाही. पुरेसं आहे ना?

उत्तर : नाही. दुप्पट भार किती वेळ लावला होता? काही मिनिटं, असा माझा अंदाज. सतत एकाच दिशेने ओढणाऱ्या भाराखाली इपॉक्सी सावकाश ताणत राहतं, याला क्रीप म्हणतात. काही मिनिटांत ते दिसत नाही.

१० जुलै २००६ ला बॉस्टनच्या एका बोगद्यात छताचे काँक्रीटचे स्लॅब एका मोटारीवर कोसळले आणि आतली महिला मरण पावली. स्लॅब ज्या अँकरवर लटकले होते, त्यांचं इपॉक्सी लवकर घट्ट होणाऱ्या प्रकारचं होतं आणि क्रीपला ते कमजोर होतं, असा निष्कर्ष अमेरिकेच्या वाहतूक सुरक्षा मंडळाने काढला. अँकर खाली सरकत असल्याचं १९९९ मध्येच दिसलं होतं. ते नव्याने बसवले, भार लावून तपासले आणि ते पास झाले. ही घटना मी प्रत्येक नव्या सहकाऱ्याला सांगते. मला ती अजूनही अस्वस्थ करते.

डोक्यावरच्या, कायमच्या भारासाठी आतून फाकून धरणारे यांत्रिक अँकर घ्या. इपॉक्सीच वापरायचं असेल तर सतत भाराखालची, तुमच्या जागेच्या कमाल तापमानाची मान्यता त्या उत्पादनाला आहे का, ते लेखी मागा. अँकरशेजारी खूण करा आणि ती दर काही महिन्यांनी मोजा. एक मिलिमीटर जरी सरकलेला दिसला तरी खालून माणसं हलवा, मग कारण शोधा.

प्रश्न : खबरदारी म्हणून चिकटवलेल्या सांध्यात रिव्हेटही मारले तर दुप्पट ताकद मिळेल?

उत्तर : दुप्पट नाही. चिकटवलेला सांधा रिव्हेटपेक्षा खूप ताठ असतो, त्यामुळे तो धरून आहे तोवर रिव्हेटवर जवळजवळ भार येतच नाही. तो सुटला की सगळा भार एकदम रिव्हेटच्या भोकांवर जातो. १९८८ मध्ये हवाई बेटांवर अलोहा एअरलाइन्सच्या बोइंग ७३७ चं छप्पर आकाशात उडून गेलं, त्यामागे हेच होतं. पत्र्यांच्या जोडातलं इपॉक्सी सुटलं होतं, गंज शिरला होता आणि भार पेलणाऱ्या भोकांना ८९,६८० उड्डाणांत तडे गेले होते.

तरी रिव्हेट मारा, टोकाशी सांधा सोलला जाऊ नये म्हणून आणि सुटल्यावर पत्रा खाली पडू नये म्हणून. फक्त त्यांची संख्या, जाडी आणि भोकांचं पत्र्याच्या कडेपासूनचं अंतर ठरवताना इपॉक्सी अजिबात नाही असं धरून हिशेब करा. आणि भोकं चिकटवून झाल्यावर पाडली, तर उघड्या कडांना लगेच सीलंट लावा, कारण तिथून पाण्याला नवी वाट मिळते.